डिस्क गोल्फ : मैदान कोणत्या हाताचे?

परीक्षेच्या हॉलमधील खुर्च्यांना लिहिण्यासाठी एक फळी लावलेली असते. ती उजव्या बाजूला असते, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. माझ्या मात्र दर परीक्षेला येते, कारण मी डावखुरी आहे. तीन तास कमरेत वळून, डावा हात उजवीकडच्या फळीपर्यंत ओढून लिहावे लागते. शेवटच्या अर्ध्या तासात खांदा भरून येतो आणि अक्षर बिघडते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे ही तक्रार घरी सांगितली तेव्हा आई एवढेच म्हणाली, "अगं, मग हात बदल की!" तिचेही चुकले नाही. शेतात विळ्याची धारही उजव्या हाताच्या बेतानेच लावलेली असते, आणि तिथे विळा बदलत नाही, हात बदलतो.

हे सारे येथे सांगण्याचे कारण एक खेळ आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मावसभावाच्या मोबाईलवर मी डिस्क गोल्फचा एक सामना पाहिला. रानात माणसे तबकड्या फेकत होती आणि त्या साखळ्यांच्या टोपलीत जाऊन पडत होत्या. पहिल्यांदा हसूच आले. पण पाहता पाहता ध्यानात आले, की एखाद्या ठिकाणी एक खेळाडू सहज पुढे जातो आणि दुसरा तितकाच कसलेला खेळाडू झाडीत अडकतो; पुढच्याच ठिकाणी नेमके उलटे होते. दोष हाताचा नव्हता. मैदानाची आखणीच एका हाताला वाट देत होती आणि दुसऱ्याला अडवत होती. ही गोष्ट नेमकी कशी घडते, ते मला उमगले तसे या लेखात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम खेळाची ओळख. डिस्क गोल्फचा सांगाडा गोल्फचाच आहे. फक्त चेंडूऐवजी हाताने फेकायची तबकडी आणि जमिनीतील खड्ड्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. तबकडी साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. जेथून पहिली फेक करायची त्या जागेला 'टी' म्हणतात. टीपासून टोपलीपर्यंतच्या एका टप्प्याला, खड्डा नसला तरी, 'होल' असेच म्हणतात. असे साधारण अठरा होल मिळून एक फेरी होते. तबकडी जेथे पडेल तेथून पुढची फेक. ज्याच्या एकूण फेका सर्वांत कमी, तो जिंकला. कसलेल्या खेळाडूला एका होलसाठी जितक्या फेका लागाव्यात असे धरलेले असते, त्या आकड्याला 'पार' म्हणतात.

साखळ्यांच्या या टोपलीचे जनक म्हणून एड हेड्रिक यांचे नाव घेतले जाते. ते अमेरिकेत फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत होते. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्क येथे त्यांनी आखलेले मैदान हे या खेळाचे पहिले कायमचे मैदान मानले जाते. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन ही संस्था निघाली. आज जगात या खेळाची पंधरा हजारांहून अधिक मैदाने आहेत. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत आहेत, पण फिनलंड, एस्टोनिया यांसारख्या लहान देशांतही हा खेळ घरोघर पोचला आहे.

आता मुद्द्याकडे वळू. तबकडी सरळ जात नाही, या एका गोष्टीत सगळी मेख आहे.

तबकडी फेकण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली बॅकहँड. पत्ते वाटताना आपण हात छातीपासून बाहेर झटकतो ना, तसाच, पण सगळे अंग वळवून, हात आडवा खेचून केलेला हा फेका. दुसरी फोरहँड. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड उड्या मारत जावा म्हणून आपण कमरेच्या बाजूने मनगटाचा झटका देतो, तशी ही फेक. उजव्या हाताने बॅकहँड फेकली तर वरून पाहताना तबकडी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. उजव्याच हाताने फोरहँड फेकली तर ती उलट फिरते. आणि डावखुऱ्याची बॅकहँड? तीही उलटच फिरते. म्हणजे डावखुऱ्याची बॅकहँड आणि उजव्या हाताची फोरहँड या फिरकीच्या दृष्टीने सख्ख्या बहिणी होत.

फिरकीच्या दिशेने एवढा काय फरक पडतो? येथे भोवरा आठवावा. थांबलेल्या भोवऱ्याला बोट लावले तर तो बोटाच्या दिशेने पडतो. पण जोरात फिरणाऱ्या भोवऱ्याला पुढून ढकलले तर तो मागे न जाता बाजूला कलतो. तबकडी हा हवेतला भोवराच आहे. तिचा वेग ओसरू लागला की हवेचा रेटा तिची पुढची कड वर उचलू पाहतो. तबकडी फिरत असल्याने ती पुढून वर न होता एका बाजूला कलते, आणि ज्या बाजूला कलते त्या बाजूला वळत खाली येते. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारी तबकडी शेवटी डावीकडे वळते, उलट फिरणारी उजवीकडे. आरंभी वेग भरपूर असताना हवेचा रेटा उलट असतो, म्हणून तेव्हा ती थोडी विरुद्ध बाजूला झुकते. त्यामुळे चांगल्या फेकीचा माग वरून पाहिला तर लांबट, आडव्या पडलेल्या वळणासारखा दिसतो : आधी किंचित एका बाजूला, मग सरळ, आणि शेवटी ठामपणे दुसऱ्या बाजूला.

हे मी नुसते ऐकून मानले नाही. जत्रेत मिळते ती प्लॅस्टिकची तबकडी घेऊन मी आणि मावसभाऊ शाळेच्या पटांगणावर गेलो. तो उजव्या हाताने फेकी, मी डाव्या हाताने, दोघेही बॅकहँड. संध्याकाळपर्यंत त्याची तबकडी पटांगणाच्या डावीकडच्या बाभळीच्या कुंपणात जाऊन अडकत होती आणि माझी उजवीकडच्या पाण्याच्या टाकीजवळ पडत होती. आम्ही दगड मांडून एक खूण केली. खूण डावीकडे असली की तो जिंके, उजवीकडे असली की मी. शेवटी तो म्हणाला, "ताई, दगड मधोमध ठेव, नाहीतर भांडण व्हायचं." मैदान आखण्याचे शास्त्र त्या एका वाक्यात आले, असे मला नंतर वाटले.

आता एक मोठे मैदान डोळ्यांसमोर आणा. टीसमोर दाट झाडी आहे. झाडीतून एक मोकळी पट्टी काढलेली आहे. तिला 'फेअरवे' म्हणतात. ही पट्टी साठ-सत्तर मीटर सरळ जाऊन डावीकडे वळते आणि वळणापलीकडे टोपली आहे. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याला येथे काहीच वेगळे करावे लागत नाही. त्याची तबकडी आपण होऊन शेवटी डावीकडे जातेच. फेअरवेचे वळण आणि तबकडीचे वळण एकमेकांत चपखल बसतात. उलट डावखुऱ्या खेळाडूची बॅकहँड नेमकी वळणाच्या जागी उजवीकडे निघते आणि झाडीत घुसते. तोच फेअरवे उजवीकडे वळवला की दोघांची नशिबे पालटतात.

वळण नसलेल्या सरळ होलवरही पक्षपात असतो, तो मात्र चटकन दिसत नाही. धोका कोणत्या बाजूला आहे हे तेथे पाहावे लागते. समजा, फेअरवे सरळ आहे आणि उजव्या हाताला तळे आहे. बॅकहँड फेकणाऱ्या उजव्या खेळाडूची तबकडी शेवटी तळ्यापासून दूर जाते. त्याची थोडीफार चूक मैदान माफ करते. तळे डाव्या हाताला असेल तर तीच तबकडी शेवटच्या क्षणी पाण्याकडे ओढली जाते. पाण्यात किंवा हद्दीबाहेर तबकडी गेली की एका फेकीचा दंड बसतो. म्हणजे टोपली जागची हलली नाही, अंतर तेच राहिले, फक्त पाणी एका बाजूचे दुसऱ्या बाजूला गेले, तरी होल एकाला सोपा आणि दुसऱ्याला अवघड झाला.

मैदान आखणाऱ्याच्या हाती आणखीही काही साधने असतात. एखाद्या झाडावर किंवा खांबावर बाण लावून तबकडी त्याच्या अमुक बाजूनेच गेली पाहिजे, अशी सक्ती करता येते. जमिनीवर दोरी टाकून हद्द आखता येते. झाडांच्या फांद्या खाली ठेवल्या तर उंच फेक बंद होते. मग ज्याला तबकडी छातीच्या उंचीवरून सपाट सोडता येते त्याचीच चलती. फांद्या कापून वरचे आकाश मोकळे ठेवले तर खांद्यावरून भाला मारावा तशी उभी तबकडी फेकून झाडांच्या वरून जाणारे खेळाडू पुढे येतात. जमीन कडक आणि गुळगुळीत असेल तर काही जण तबकडी चाकासारखी कडेवर लोळवत नेतात. उंच गवत ठेवले की ती युक्ती संपली. टोपली उतारावर ठेवली तर जोरात आलेली तबकडी टोपली चुकताच घरंगळत दूर जाते, म्हणून हलक्या हाताने शेवट करणाऱ्याला लाभ होतो. यांतली एकही गोष्ट नियमपुस्तकात कोणाच्या बाजूने लिहिलेली नाही. तरी प्रत्येक गोष्टीने कोणाचे तरी भले आणि कोणाचे तरी नुकसान होते.

यानंतर येतो मोकळे आणि झाडीचे हा भेद. अंगात जोर असलेल्याला मोकळे मैदान मानवते. बॅकहँडमध्ये सगळ्या अंगाची फिरकत हातात उतरते, म्हणून सर्वांत लांब फेका साधारणतः याच रीतीने होतात. २०१६ मध्ये अमेरिकेतील नेव्हाडाच्या वाळवंटात डेव्हिड विगिन्स ज्युनिअर या खेळाडूने पाठीमागून वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याच्या साथीने ३३८ मीटर फेक केली. आकडा ऐकून छाती दडपते. पण ज्या रानात पहिल्या साठ मीटरांतच चार मीटर रुंदीच्या फटीतून तबकडी काढायची आहे, तेथे या तीनशे मीटरांचा काय उपयोग? तेथे लागतो तो नेम. जोराच्या खेळाडूची तबकडी झाडाला लागली की तीही वीस मीटरवरच पडते. फोरहँडचा आणखी एक फायदा रानात दिसतो : तीत लक्ष्याकडे तोंड करून उभे राहता येते आणि धावत यावे लागत नाही, म्हणून अडचणीच्या जागेतून, एक पाय मुळांवर ठेवूनही ती फेकता येते.

वाऱ्याचेही तसेच. समोरून वारा आला की तबकडीला हवेचा वेग वाढल्यासारखा होतो आणि तिची आरंभीची झुकण्याची खोड बळावते. पाठीमागून आला की ती लवकर शेवटच्या वळणाला लागते. मोकळ्या मैदानावर वारा हा अदृश्य फेअरवेच असतो म्हणा ना. झाडीत तो बहुतेक अडतो.

येथे जाणकार वाचक आक्षेप घेईल, की तबकड्या काही एकाच प्रकारच्या नसतात. हे खरे आहे. १९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेस यांनी पातळ, निमुळत्या कडेची तबकडी काढली. तिच्यामुळे फेकी कितीतरी लांबल्या आणि त्यांच्याबरोबर मैदानेही लांबली. आज मोठ्या स्पर्धांच्या अठरा होलांची एकूण लांबी तीन किलोमीटरच्या आसपास जाते. आता तर वेग, तरंग, आरंभीचे झुकणे आणि शेवटचे वळणे अशा चार गुणांचे आकडे तबकडीवरच छापलेले असतात, आणि खेळाडू पिशवीत वीसेक तबकड्या घेऊन फिरतो. सहज झुकणारी तबकडी तिरकी सोडून उजव्या हाताच्या बॅकहँडनेही उजवीकडे जाता येते. मग मैदानाचा पक्षपात उरला कोठे? उरतो तो असा. स्वभावाच्या दिशेने वळणारी तबकडी शेवटी कोठे बसेल याचा भरवसा असतो. स्वभावाविरुद्ध वळवलेली तबकडी पोचते खरी, पण कोन थोडा चुकला तर ती वळतच राहते, नाहीतर आयत्या वेळी सरळ होते. जमणे आणि दर वेळी जमणे यांत अंतर असते, आणि स्पर्धा त्या अंतरावरच जिंकल्या-हरल्या जातात.

हे अंतर किती मोठे होऊ शकते त्याचा एक कल्पित हिशेब करून पाहू. समजा, एका मैदानावर बारा होल डावीकडे वळणारे, तीन उजवीकडे वळणारे आणि तीन सरळ आहेत. दोन खेळाडू अगदी बरोबरीचे आहेत. एकाची तबकडी स्वभावतः डावीकडे जाते, दुसऱ्याची उजवीकडे. स्वभावाविरुद्धच्या प्रत्येक होलवर सरासरीने पाव फेक जास्त लागते असे धरू. पहिल्याला एका फेरीत तीन होलांवर मिळून पाऊण फेक जास्त लागेल, दुसऱ्याला बारा होलांवर मिळून तीन फेका. फरक झाला सव्वादोन फेकांचा. चार फेऱ्यांच्या स्पर्धेत तो नऊ फेकांवर जातो. आता हे लक्षात घ्या, की २०२१ ची जागतिक स्पर्धा अमेरिकेतील ऑग्डेन येथे झाली तेव्हा जेम्स कॉनरॅड याने अखेरच्या होलवर सुमारे ७५ मीटरवरून तबकडी थेट टोपलीत टाकून पॉल मॅकबेथची बरोबरी साधली, आणि मग जादा होलवर तो विजेता ठरला. जेथे अनेक फेऱ्यांनंतर एका फेकीचाही फरक राहत नाही, तेथे नऊ फेका म्हणजे केवढे ओझे!

याचा अर्थ मैदाने मुद्दाम कोणाविरुद्ध आखली जातात असा नाही. आखणारा माणूस टीवर उभा राहतो, मनात एक फेक करून पाहतो आणि तिला साजेशी वाट काढतो. तो उजव्या हाताने बॅकहँड फेकणारा असेल, आणि बहुतेक माणसे उजव्याच हाताची असतात, तर त्याच्या मनातली तबकडी डावीकडेच वळते. खुर्ची बनवणाऱ्या सुताराच्या मनातही डावखुऱ्यांविषयी आकस नसतो. त्याला ती आठवत नाहीत, इतकेच.

म्हणूनच जाणत्या लोकांनी या बाबतीत विचार केलेला दिसतो. प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशनच्या मार्गदर्शनातही लांबीत विविधता आणि डावी, उजवी व सरळ अशा फेकांचा समतोल असावा, असे सांगितले आहे. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील रॉक हिल येथे विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून तेथील राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होत आली आहे. हे मैदान बरेचसे मोकळे. झाडे नसतील तर नेम कसा पारखायचा? तेथे दोऱ्या टाकून हद्दी आखल्या गेल्या, म्हणजे तबकडी नुसती लांब जाऊन भागत नाही, ती नेमक्या तुकड्यात थांबली पाहिजे. तेथील सतराव्या होलवर तर टोपलीभोवती गवताच्या गाठोड्यांची भिंत उभी करून बेटासारखी जागा केली जात असे. मोकळ्या मैदानावर रानाचा प्रश्न विचारण्याची ही रीत आहे. मॅसॅच्युसेट्समधील मेपल हिल हे मैदान ख्रिसमसची झाडे लावणाऱ्या एका शेतावर आहे. तेथे पहिलीच फेक तळ्यावरून करावी लागते आणि पुढे रान लागते. एकाच फेरीत दोन्ही परीक्षा होतात.

जागतिक स्पर्धेत दोन वेगवेगळी मैदाने वापरण्याचा प्रघात आहे, त्यामागेही हाच हेतू दिसतो. २०२३ ची स्पर्धा व्हर्माँट राज्यातील स्मगलर्स नॉच येथे झाली. तेथील एक मैदान बरेचसे मोकळे आणि दुसरे दाट झाडीचे. पुरुषांत आयझॅक रॉबिन्सन जिंकला. तो राक्षसी लांब फेकीसाठी नव्हे, तर झाडीतल्या नेमासाठी ओळखला जातो, आणि २०२४ मध्ये व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथेही पुन्हा तोच जिंकला. स्त्रियांत एस्टोनियाच्या क्रिस्टिन टाटारचे उदाहरण मला विशेष वाटते. २०२२ मध्ये ती कॅन्ससमधील एम्पोरिया येथे, सपाट आणि वाऱ्याच्या मुलखात जागतिक विजेती झाली. पुढच्या वर्षी व्हर्माँटच्या डोंगरात आणि रानात पुन्हा तीच. एका मैदानाने तिला उचलून धरले असे कोणी म्हणू शकत नाही.

स्त्रियांचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट. पुष्कळदा मैदान पुरुषांच्या फेकीच्या अंतराने आखले जाते आणि स्त्रियांसाठी फक्त टी पुढे आणली जाते. कागदावर अंतर कमी झाले की न्याय झाला असे वाटते. पण फेअरवेचे वळण आणि झाडांची फट जागच्या जागीच राहतात. ज्या अंतरावर पुरुषाची तबकडी वळते तेथे वळण ठेवलेले असते. स्त्रीची तबकडी तेथे वळेलच असे नाही. कधी पाण्यावरून जाण्याचे अंतर असे पडते, की धाडस करावे की न करावे हा प्रश्नच तिच्यापुढे उरत नाही. पाण्याला वळसाच घालावा लागतो. मग तो होल कौशल्य मोजत नाही, फक्त अंतर मोजतो. नुसती टी सरकवणे आणि नवी वाट आखणे यांत फरक आहे.

समतोलाचा अर्थ सगळे सोपे करणे असाही नव्हे. काही मैदानांवर झाडे इतकी दाट आणि अस्ताव्यस्त सोडलेली असतात, की कोणत्याच फेकीला नीट वाट नसते. सुटली तर सुटली. तेथे कोणावर अन्याय होत नाही हे खरे, पण तेथे खेळाचीही परीक्षा होत नाही, फक्त नशिबाची होते. चांगला होल तो, की ज्यात वाट आहे, पण ती कमवावी लागते. आणि चांगले मैदान ते, की जे अठरा होलांत प्रत्येक खेळाडूला काही ठिकाणी त्याच्या हाताचे आणि काही ठिकाणी दुसऱ्याच्या हाताचे उत्तर मागते. अशा मैदानांमुळेच पहिल्या फळीच्या खेळाडूंना आज बॅकहँड आणि फोरहँड दोन्ही शिकाव्या लागतात. मैदानाने मागणी केली आणि खेळाडूंचे हात तयार झाले.

आपल्या मातीतही हे घडलेले आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीच्या आखाड्यात घडले. १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सवय नसलेल्या मॅटवर उतरले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी त्याच मॅटवर कांस्यपदक मिळवले. आपण त्यांच्या जिद्दीचे कौतुक करतो, आणि ते केलेच पाहिजे. पण १९४८ चा सहावा क्रमांक केवळ खाशाबांच्या ताकदीचा निकाल होता, की पायाखालच्या मॅटचाही होता, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. निकालाच्या कागदावर मैदानाचे नाव असते, त्याचा स्वभाव लिहिलेला नसतो.

म्हणून डिस्क गोल्फचा निकाल वाचताना मी आता आधी पाहते, की होल कोणत्या बाजूला वळत होते, पाणी कोठे होते, झाडी किती होती. जिंकलेल्याचे श्रेय त्याने कमी होत नाही. उलट, स्वभावाविरुद्धच्या होलवर कोणी पार राखला असेल तर त्याची खरी किंमत तेव्हाच कळते. हरलेल्याविषयीही "याला येतच नाही" असे चटकन म्हणवत नाही.

परीक्षांचेही असेच असेल काय, हा विचार मनात येतो. एकाच तऱ्हेचे प्रश्न वर्षानुवर्षे विचारले तर एकाच तऱ्हेची मुले हुशार ठरत राहतील. ज्याला पाठांतर येते त्याला एक वाट, ज्याला समजावून सांगता येते त्याला दुसरी, ज्याला हाताने करून दाखवता येते त्याला तिसरी, असे अठरा होलांचे मैदान शिक्षणात आखता येईल की नाही हे मोठ्यांनी ठरवावे. माझे मागणे लहान आहे. गेल्या परीक्षेत मी शेजारची रिकामी खुर्ची डावीकडे ओढून तिच्या फळीवर पेपर ठेवला. पर्यवेक्षक बाईंनी आधी डोळे वटारले, मग माझा हात पाहिला आणि काही न बोलता पुढे गेल्या. त्या दिवशी शेवटच्या पानावरचे माझे अक्षर पहिल्या पानासारखेच आले. उत्तरे मला आधीही तितकीच येत होती.